मास्तरांसाठी पडलो ती दोन वर्षं

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचा फक्त चेहरा दिसत होता, आणि तोही उलटा. मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये होतो. ते वरच्या मजल्यावर पोटावर झोपून फटीतून आत डोकावत होते.

"आत किती जण?"

"एक," मी म्हटलं.

"एकच ना? आवाज तर अर्ध्याच माणसाचा येतोय."

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत होतो. त्या दिवशी काचांचं खोकं छातीशी धरून उभा होतो. वर कुठेतरी त्यांनी हाताने यंत्र फिरवलं, लिफ्ट इंच-इंच करत मजल्याला लागली आणि दार उघडलं. फडक्याला हात पुसत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"राग मानू नकोस," ते म्हणाले, "पण तू असा उभा राहतोस ना, की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, याला जरा धक्का देऊन बघावा."

मला राग आला नाही. खरं तेच होतं. शाळेपासून मला लोक धक्के देऊन बघत आले होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्या खोक्यावरच पत्ता लिहिला आणि म्हणाले, "संध्याकाळी सहाला. जेवून येऊ नकोस."

तो पत्ता पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याचा होता. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. दिवसा तिथे न दुमडलेली खोकी रचून ठेवत, संध्याकाळी ती भिंतीला सरकवून मास्तर ज्युदोचा वर्ग घेत. कारखान्याच्या मालाची लिफ्ट मास्तर सांभाळायचे, त्या बदल्यात मालकाने खोली वापरायला दिली होती. मॅट म्हणजे जाड कॅनव्हासच्या खोळी, आत लाकडाचा भुसा. खोलीला कायम गोंदाचा वास असे. आजही कुठे गोंदाची बाटली उघडली की माझी हनुवटी आपोआप छातीला टेकते, कारण तिथे शिकलेली पहिली गोष्ट तीच. पडताना हनुवटी छातीला, म्हणजे डोकं आपटत नाही.

पहिले चार महिने मी फक्त पडलो. मागे पडलो, डावीकडे पडलो, उजवीकडे पडलो, पुढे गडगडलो. मला वाटलं होतं लोकांना पाडायला शिकवतील. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "पडायची भीती असलेला माणूस दुसऱ्याला नीट पाडू शकत नाही. त्याचं अर्धं लक्ष जमिनीकडे असतं. जमीन कुठे पळून जात नाही. तू घाई करू नकोस."

मास्तर दिवसभर शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करायचे आणि त्यांचं शिकवणंही सगळं लिफ्टवरूनच चालायचं. फेक शिकवताना म्हणायचे, "लिफ्टचा पिंजरा काय नुसती मोटर उचलते? पलीकडे तेवढंच वजन टांगलेलं असतं. ते खाली येतं म्हणून हा वर जातो. मोटर फक्त सुरुवात करून देते. तूही समोरच्याला उचलायला जाऊ नकोस. तू त्याच्याखाली जा, म्हणजे तो वर येईल." हे ऐकून माझ्यासारखा किडकिडीत माणूसही दुप्पट वजनाच्या माणसाला कमरेवरून पलीकडे टाकू शकला, तेव्हा मला स्वतःचाच संशय आला होता.

सहा महिन्यांनी त्यांनी मला मोजायला लावलं. सगळे रांगेत पडण्याचा सराव करत आणि एकाने मोठ्याने आकडे म्हणायचे, प्रत्येक आकड्याला एक पडणं. मी पुटपुटलो, तर अर्धे पडले, अर्धे उभेच राहिले. मास्तर म्हणाले, "अरे, मोजणाराच घाबरला तर हे बिचारे हवेत लटकतील." सगळे हसले, मीही हसलो, आणि दुसऱ्या खेपेला आवाज निघाला. त्यानंतर त्या वर्गात आकडे मीच मोजले, बत्तीस वर्षं.

त्या आवाजाने माझं काय काय केलं, हे मला नीट सांगता येणार नाही. एकच सांगतो. दुकानात एकदा एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्याला चुकीच्या नंबरच्या काचा लागल्या होत्या. मालक म्हणाले, देऊन टाक तशाच, त्यांना काय कळतंय. मी म्हटलं, नाही देणार. म्हटल्यावर माझंच मला कळलं की माझे पाय खांद्याइतके फाकले आहेत आणि गुडघे किंचित वाकले आहेत. मालक दोन पावलं मागे सरून म्हणाले, "मारामारी करतोस की काय रे?" काचा बदलून दिल्या गेल्या. माझी नोकरीही राहिली. घरी बायकोला सांगितलं तर तिला आधी खरंच वाटेना. ती म्हणाली, "तुमच्या मास्तरांना एकदा जेवायला बोलवा. बघू तरी कोण आहेत ते." ते आले, पोटभर जेवले आणि जाताना आमच्या जिन्याचा हलणारा कठडा घट्ट करून गेले.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

मास्तर चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले त्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला. पाच आठवडे दवाखान्यात, मग तीन महिने घरी. लिफ्टचं काम त्यांनी आधीच सोडलं होतं. वर्ग मी आणि ड्रायव्हर मिळून चालवत होतो. ड्रायव्हर म्हणजे आमच्यातला सगळ्यात दांडगा माणूस. बस चालवायचा. वजन पंचाण्णव किलो, आणि मन लोण्याचं.

मास्तर परत आले त्या संध्याकाळी नेहमीसारखे सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. अंगावरचं ज्युदोचं जाकीट दुसऱ्या कोणाचं तरी घातल्यासारखं दिसत होतं. सराव झाल्यावर त्यांनी आपली आवडती कमरेवरची फेक दाखवायला ड्रायव्हरला पुढे बोलावलं. त्याची कॉलर धरली, बाही धरली, वळले, आणि काहीच झालं नाही. म्हणजे क्षणभर काहीच झालं नाही. ड्रायव्हरचे दोन्ही पाय जमिनीवरच होते. मग ते एकदम उचलले गेले आणि पंचाण्णव किलो मॅटवर धप्पकन पडले. भुशाची धूळ उडाली. मास्तर म्हणाले, "बघा, आधी तोल काढायचा."

नंतर माझी पाळी. वर्गात मी चष्मा काढून ठेवतो आणि चष्म्याशिवाय मला समोरच्या माणसाचा नुसता आकार दिसतो. त्यामुळे मी सगळं हातांवरून ओळखतो. कोणी जाकीट धरलं की तो आता कुठे ओढणार, हे मला त्याच्या मुठीतूनच कळतं. त्या दिवशी मास्तरांनी धरलं तेव्हा मुठीत ओढच नव्हती. आपण घरी आल्यावर कोणी अदबीने आपला कोट उतरवून घ्यावा, तसं वाटलं. मी विचार केला नाही. पडलो. चांगला आवाज करून पडलो.

जिना उतरताना ड्रायव्हर माझ्या मागे होता.

"पडलास?" त्याने हळूच विचारलं.

"पडलो. तू?"

"मीही."

एवढंच बोलणं झालं. पुन्हा त्या विषयावर आम्ही दोन वर्षं बोललो नाही.

बाकीच्यांना कोणी शिकवलं नाही, पण ते शिकले. मास्तरांनी धरलं की जायचं. नव्याने आलेल्यांना तर वाटायचं की हीच रीत आहे. बँकेत कॅशियर असलेली एक मुलगी तेव्हा नवीन होती. ती इतकी तयार झाली होती की मास्तरांचा हात कॉलरला लागायच्या आत तिची पाठ मॅटला लागलेली असे. आम्ही सगळे मिळून एक चांगलं काम करतो आहोत असंच मला वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाचं मन राखणं ही काय वाईट गोष्ट आहे?

फक्त मास्तर खूष दिसत नव्हते. आधी शिकवताना चिमटे काढायचे, विनोद करायचे, ते बंद झालं. फेक कमी आणि नुसतं उभं राहणं जास्त शिकवू लागले. अर्धा-अर्धा तास आम्हाला गुडघे वाकवून उभं करायचे, खांद्याला ढकलून बघायचे, आणि मान हलवत पुढे जायचे. बत्तीस वर्षं झालेल्या माणसालाही नवशिक्याचा धडा. ड्रायव्हर म्हणाला, "आजारपणाने स्वभाव बदलतो." मलाही तसंच वाटलं.

मग शहरात नवीन क्रीडा सभागृह बांधून झालं. उद्घाटनाला सगळ्या वर्गांचा मेळावा ठरला आणि सगळ्यात जुने शिक्षक म्हणून मास्तरांनी दोन फेका करून दाखवाव्यात, अशी विनंती आली. जोडीदार म्हणून दुसऱ्या वर्गातला, शहरातल्या स्पर्धेचा विजेता द्यायचा, म्हणजे दोन्ही वर्गांचा मान राहील. मास्तरांनी ती चिठ्ठी आम्हाला वाचून दाखवली आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं," ते म्हणाले. "बाहेरचा माणूस मिळेल."

पडत्या फळाची आज्ञा मानल्यासारखं त्यांनी त्याच संध्याकाळी होकार कळवला. मला मात्र पुढचं सगळं दिसत होतं. तीनशे लोकांसमोर मास्तर एका तिशीच्या विजेत्याला धरणार, वळणार, आणि तो जागचा हलणार नाही. किंवा त्याहून वाईट, मास्तर जोर लावायला जाणार आणि त्यांची कंबर मोडणार.

ड्रायव्हरने तोडगा काढला. "त्या पोराला जाऊन सांगू. पड म्हणावं. त्याचं काय जातंय?"

सांगायला अर्थातच मला पाठवलं. विजेता एका गोदामात मालाची नोंद करायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस चांगला होता, तीच तर पंचाईत.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या मास्तरांचं नाव मी लहानपणापासून ऐकतोय. त्यांच्यासमोर खोटं पडायचं म्हणजे त्यांनाच खोटं पाडणं नाही का?"

"तू जोर नको लावूस, एवढंच."

"मी जोर लावणारच नाही. नुसता उभा राहीन. पण त्यांनी पाडल्याशिवाय कसा पडू? मला ते येतच नाही."

मी घरी आलो आणि जेवलो नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि समोर बसली.

"मास्तरांना सांगा मग," ती म्हणाली.

"काय सांगू? की तुमच्यात आता काही राहिलं नाही?"

"जे आहे ते सांगा."

"कोणत्या तोंडाने?"

"त्यांनीच दिलंय की तोंड तुम्हाला. त्याआधी तुम्ही माझ्याशी बोलायलासुद्धा घाबरायचात. बत्तीस वर्षं रोज आकडे ओरडताय, एक वाक्य बोलता येत नाही?"

मेळाव्याला आठ दिवस होते. रविवारी सकाळी दहा वाजता मी मास्तरांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि कपाट. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. मास्तर खुर्चीवर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा खिळा ठोकत होते.

"बरा आलास," काकू म्हणाल्या. "ती खुर्ची धर आधी. दिवस-रात्र दुसऱ्यांना पडायला शिकवतात, पण स्वतः पडले तर मला उचलता यायचे नाहीत."

मी खुर्ची धरली. मास्तर खाली उतरले. चहा झाला. मी हवेबद्दल बोललो, सभागृहाच्या पार्किंगबद्दल बोललो. मटार सोलून संपले. मास्तरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "काय रे, पोटात दुखतंय का?"

मी उठून उभा राहिलो. का ते माहीत नाही, पण बसून मला ते जमलं नसतं.

"मास्तर, तुम्ही आम्हाला फेकत नाही," मी म्हटलं. "आम्ही पडतो."

काकूंचा हात परातीतच थांबला. नवीन खिळ्यावर घड्याळ जरा तिरकं बसलं होतं, मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आजारपणानंतर. तुम्ही परत आलात त्या दिवसापासून."

"ड्रायव्हर?"

"तोही."

"सगळे?"

"सगळे."

"आणि ती कॅशियर? ती तर नवीन आहे."

"तिला वाटतं तीच पद्धत आहे."

ते उठले. एवढे सावकाश उठले की मला वाटलं आता मला दार दाखवतील, आणि दाखवलं असतं तर मी निमूट गेलो असतो. त्यांनी टेबल भिंतीकडे सरकवलं.

"चष्मा काढ," ते म्हणाले.

"मास्तर, इथे..."

"काढ म्हणतो ना. आणि ऐक, पडू नकोस. आयुष्यात माझं कधी ऐकलं असशील तर आज ऐक. पडू नकोस."

त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर धरली, बाही धरली, वळले. मी उभा राहिलो. त्यांनी पुन्हा धरलं, खाली गेले, अगदी बरोबर गेले, एक तसूही चूक नव्हती. तरी मी उभा राहिलो. तिसऱ्या वेळी त्यांनी सगळा जोर लावला. माझ्या शर्टाचं एक बटण तुटून कपाटाखाली गेलं. त्यांचा श्वास माझ्या खांद्यावर मला जाणवत होता, आणि मी गुडघे वाकवून खांबासारखा उभा होतो. इतकं कठीण काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मास्तर बाजूला झाले. खुर्चीत बसले. काकूंनी दिलेलं भांडंभर पाणी एका दमात प्यायले. मी अंदाजाने टेबलावर हात फिरवून चष्मा शोधला आणि डोळ्यांवर चढवला, तर ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"उभा राहता येतं तुला," ते म्हणाले.

मला काही कळेना.

"अरे, दोन वर्षं मी धड झोपलो नाही. हात लावीन तो पडतोय. ड्रायव्हरसारखा धोंडा, त्याला नुसता स्पर्श केला की जमिनीवर. मला वाटलं, इतकी वर्षं मी काय शिकवलं यांना? एकाच्याही पायात मूळ नाही. वर्ग बंद करायचं मनात होतं माझ्या. म्हटलं, फुकट लोकांच्या संध्याकाळी घालवल्या."

"मला रोज हेच सांगायचे," काकू म्हणाल्या. "सगळे पोकळ निघाले म्हणून."

म्हणून ते आम्हाला अर्धा-अर्धा तास उभं करत होते. म्हणून खांदे ढकलून मान हलवत होते. आणि बाहेरचा माणूस त्यांना एवढ्यासाठी हवा होता, की दोष आमच्या पायांत आहे का ते एकदाचं कळावं.

"पण तुम्हाला स्वतःचा संशय आला नाही?" मी विचारलं. आता विचारायला भीती वाटत नव्हती.

मास्तर जरा ओशाळले. "आला कधी कधी. पण मग वाटायचं, ते टॉनिक देते ना ही मला, त्याचा गुण असेल."

काकूंनी कपाळाला हात लावला. "टॉनिकचा गुण. बरणीचं झाकण उघडायला मला शेजारच्यांना हाक मारावी लागते, आणि तिकडे हे म्हणे ड्रायव्हरला उचलतात. मी म्हटलं असेल बाई, मला ज्युदोतलं काय कळतं."

मग आम्ही तिघंही हसलो. काकूंना हसता हसता ठसका लागला. मला इतकं हलकं वाटत होतं की पायांखाली जमीन आहे का, हे बघावंसं वाटलं.

पण मास्तर तेवढ्यावर सोडणारे नव्हते. हसणं ओसरल्यावर म्हणाले, "तरी तुम्ही केलंत ते बरं नाही केलंत. तुम्ही माझी दया केलीत आणि मी तुम्हाला कच्चे समजत राहिलो. दोन वर्षं दोघंही चुकीच्या माणसाची काळजी करत होतो."

"चुकलंच," मी म्हटलं.

"तुझं सगळ्यात जास्त चुकलं. तुला मुठीतून कळतं. पहिल्या दिवशी कळलं असणार."

"कळलं होतं."

"मग?"

मी शर्टावरची तुटलेल्या बटणाची जागा चाचपली. काकूंनी वाकून कपाटाखालचं बटण काढलं आणि सुई-दोरा घेऊन माझ्या अंगावरच शिवून दिलं.

मेळाव्याच्या दिवशी नवीन सभागृहात रंगाचा वास होता. मॅट हिरवी, कडक, भुशाची नाही. मास्तर स्वच्छ धुतलेलं जाकीट घालून मध्यभागी गेले आणि मला हाताने बोलावलं. आयोजकांना त्यांनी काय सांगितलं होतं ते मला माहीत नव्हतं. माझ्या जाकिटाच्या पट्ट्याची गाठसुद्धा नीट बसली नव्हती. मग ते लोकांकडे वळून, माईक न घेता, म्हणाले, "मी शहात्तर वर्षांचा आहे. मला आता कोणाला फेकता येत नाही. मला हे गेल्या रविवारी कळलं. हा माझा विद्यार्थी आहे, यानेच सांगितलं." आणि विजेत्याला म्हणाले, "याला फेक. मनापासून फेक. उगाच मान ठेवू नकोस."

मी सत्तावन्न वर्षांचा होतो. चष्मा ड्रायव्हरच्या हातात होता. तीनशे लोक म्हणजे मला नुसतं धुकं. त्या धुक्यातून दोन हात आले आणि माझ्या जाकिटाला लागले, आणि त्या मुठीत भरपूर ओढ होती. पहिल्यांदा तो वळला तेव्हा मी त्याच्याआधी खाली गेलो आणि तो रिकामाच परतला. दुसऱ्यांदा त्याने पाय मारला, मी पाय उचलला, पुन्हा उभा राहिलो. कुठेतरी ड्रायव्हर मोठ्याने "एक, दोन" असं मोजत होता. ते मोजायचं काय कारण होतं कोण जाणे.

तिसऱ्यांदा त्याने मला उचललं. छान उचललं. छताचे दिवे माझ्या डोळ्यांपुढून गोल फिरले. मी हनुवटी छातीला लावली, हात आपटला, आणि त्या कडक मॅटवर असा आवाज झाला की मागच्या रांगेतले लोकही टाळ्या वाजवू लागले. मी पडून राहिलो. मला उठायची घाई नव्हती. मास्तरांचा चेहरा वरून माझ्यावर झुकला.

"लागलं?"

"नाही."

"दोनदा उभा राहिलास," ते म्हणाले. "आणि हे पडणं खरं होतं." मग त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला, पण उठलो माझ्याच जोरावर. आता ते दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे काही वाटलं नाही.

मास्तर त्यानंतर आठ वर्षं जगले. शेवटची काही वर्षं सोडली तर रोज वर्गात येत होते. मॅटच्या कडेला एक खुर्ची ठेवली होती, तिच्यावर बसून शिकवायचे. चिमटे काढणं पुन्हा सुरू झालं. मला तर वाटतं, खुर्चीवरून त्यांना आमच्या चुका जास्त दिसायला लागल्या. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली. या सगळ्याबद्दल त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. तसं आमच्यात बोलायची पद्धत नव्हती. आता वर्गातली मंडळी म्हणाली, काका, मास्तरांबद्दल काही लिहा. मला मास्तर म्हटलं की तो मटार सोललेला रविवार आठवतो, म्हणून तोच लिहिला.

एक सांगायचं राहिलं. मेळाव्यानंतरच्या सोमवारी फेका दाखवायचं काम मास्तरांनी मला दिलं. मी कॅशियरला पुढे बोलावलं, तिची कॉलर धरली, आणि अजून ओढलंही नव्हतं तोच ती धाडकन मॅटवर पडली. अगदी झोकात पडली आणि उठून शाबासकीची वाट बघत उभी राहिली. तिच्यामागे रांगेत सहा नवीन माणसं होती, सगळी तशाच तयारीत. त्या सहांची ती सवय मोडायला पुढे आम्हाला तीन महिने लागले.

"आता असं नाही पडायचं," मी म्हटलं.

ती गोंधळली. "मग काका, पडायचं कधी?"

मी मास्तरांकडे पाहिलं. ते खुर्चीत मागे रेलून बसले होते.

"दुसरा काही इलाज उरला नाही की," ते म्हणाले. "तोवर तुझ्या काकांना घाम गाळू दे."

तिने पाय रोवले. मी ओढलं. ती हलली नाही. मला कंबर खाली नेऊन चांगला जोर लावावा लागला, आणि पाठीत एक कळ आली ती दोन दिवस राहिली.